सातबारा कोणाच्या नावावर उरतो?

कोकणातला माणूस कोणताही प्रकल्प येऊ देत नाही, हे वाक्य महाराष्ट्रात इतक्या सहज बोलले जाते की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटत नाही. मंत्रालयात ते वैतागाने उच्चारले जाते, पुण्या-मुंबईच्या गप्पांत चेष्टेने, आणि खुद्द सिंधुदुर्गात थोड्या अभिमानानेही. बोलणारे दोन तऱ्हेचे असतात. एकाच्या मते कोकणी माणूस आळशी आणि भांडखोर. मुंबईहून मनीऑर्डर यायची, आता खात्यात पैसे येतात, मग त्याला कारखाने कशाला हवेत? दुसऱ्याच्या मते तो जन्मजात निसर्गप्रेमी आणि जागरूक. एक दूषण देतो, दुसरा कौतुक करतो. पण दोघेही भूमीच्या एका व्यवहाराचे कारण माणसाच्या स्वभावात शोधतात. म्हणून दोघांचेही विवेचन उथळ राहते.

या लेखाचे प्रतिपादन असे : दक्षिण कोकणातला विरोध हा प्रकल्पाला नसतो, त्यामागच्या कराराच्या अटींना असतो. जिथे जमिनीची मालकी धारकाकडे राहिली किंवा मिळणारा लाभ प्रत्येकाच्या दारापर्यंत पोचणारा होता, तिथे याच लोकांनी सरकारी योजना उचलून धरल्या. जिथे मालकी कायमची जाते, निर्णय दुसरीकडे होतो आणि बदल्यात तोंडी शब्द मिळतो, तिथे ते अडून बसतात. वेंगुर्ले तालुक्यातले शिरोडा आणि त्याच्या आसपासची चार गावे एवढ्या परिसरातही हे तपासता येते.

१. स्वभावाचा सिद्धांत कुठे मोडतो

पहिला पुरावा रेल्वेचा. वेंगुर्ल्यात जन्मलेले बॅरिस्टर नाथ पै १९५७ पासून १९७१ मध्ये निधन होईपर्यंत राजापूर मतदारसंघाचे खासदार होते. त्यांच्यामागून मधु दंडवते १९९१ पर्यंत त्याच मतदारसंघातून निवडून येत राहिले. या दोघांच्या कारकिर्दीत कोकणातून सर्वांत सातत्याने झालेली मागणी होती रेल्वेची, म्हणजे एका प्रचंड सार्वजनिक प्रकल्पाची. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि २६ जानेवारी १९९८ ला रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा ७४१ किलोमीटरचा मार्ग वाहतुकीला खुला झाला. डोंगर फुटले, बागांतून रूळ गेले, लोकांच्या जमिनी गेल्या. तरीही सिंधुदुर्गाने ही रेल्वे आपली मानली.

दुसरा पुरावा कमी सांगितला जातो, पण अधिक बोलका आहे. १९९० मध्ये राज्याने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आणली. खड्डे, कलमे, खत आणि मजुरी यांसाठी शंभर टक्के अनुदान. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ओसाड कातळांवर, वरकस जमिनींवर आंबा-काजूची लागवड झपाट्याने पसरली. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने काढलेल्या ‘वेंगुर्ला-४’, ‘वेंगुर्ला-७’ या काजूच्या जाती घरोघर गेल्या. ज्यांना आळशी म्हणतात त्यांनीच हे कातळ फोडले. फरक इतकाच होता की झाड सरकारी पैशाने लागले, पण जमीन लावणाऱ्याच्याच नावावर राहिली.

तिसरा पुरावा ओरोसचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. त्याला गावकऱ्यांनी विरोध केल्याचे कोणी ऐकलेले नाही. उलट, गंभीर रुग्णाला घेऊन गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात धावावे लागते ही इथली जुनी व्यथा होती. गोव्याने २०१८ पासून परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावले तेव्हा दोडामार्ग परिसरातून गोव्यात सामील होण्याची भाषा निघाली, ती याच हलाखीतून.

उलट बाजूचा पुरावाही हवा. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाला सर्वांत तीव्र विरोध कोल्हापूर जिल्ह्यात झाला. तिथल्या ऊसकरी शेतकऱ्याला आळशी म्हणण्याची कोणाची छाती नाही. सुपीक, बागायती जमीन जाणार म्हणून तो रस्त्यावर उतरला, हे लगेच समजते. तेच शिरोड्याच्या माडबागायतदाराने केले की त्याच्या स्वभावाचा शोध सुरू होतो.

२. शिरोड्याच्या पंचक्रोशीत

१९३० च्या मे महिन्यात शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या सत्याग्रहींनी मीठ उचलले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगवास पत्करला. त्या काळात वि. स. खांडेकर इथल्या शाळेत शिक्षक होते. १९२० ते १९३८ ही त्यांची उमेदीची वर्षे याच गावात गेली. सत्याग्रहाची आठवण गाव अभिमानाने सांगते. पण त्या घटनेतला प्रश्न बहुतेकदा बाजूला पडतो. समोरच्या खाडीच्या पाण्यातून पिकणाऱ्या मिठावर कोणाचा हक्क आणि तो कोण ठरवणार, हा तो प्रश्न होता. मिठागरे नकोत असे कोणी म्हणत नव्हते. शिरोड्यात मीठ आजही पिकते.

शेजारच्या रेडीत प्रकल्प आले आणि राहिले. लोहखनिजाची खाण झाली, बंदरातून खनिज परदेशी गेले, पिग आयर्नचा कारखाना उभा राहिला. प्रकल्पविरोधाचा सिद्धांत खरा असता तर हे घडलेच नसते. रेडीने रोजगार पाहिला, ट्रकांची रांग पाहिली, लाल धूळ पाहिली आणि शेवटी कारखाना बंद पडलेलाही पाहिला. कारखाना गेला म्हणून जमीन पूर्वीच्या मालकाकडे आली असे होत नाही. शिरोड्याचा माणूस प्रकल्पाविषयी विचार करतो तेव्हा त्याच्यासमोर एखादे पुस्तक नसते; शेजारच्या गावाचा हा सगळा अनुभव असतो. दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे गावाने खाणीविरुद्ध लढा दिला, तरी खाण झाली. २९ जुलै २०२१ ला तिथल्या खाणीत साठलेले पाणी बांध फोडून वस्तीत आणि बागायतीत घुसले. गावकरी आधीपासून ज्याची भीती सांगत होते, ते डोळ्यांसमोर घडले.

आता वेळागर. शिरोड्याचा हा किनारा, त्यामागचे सुरूचे बन आणि माडांच्या बागा पर्यटकांच्या ओळखीच्या आहेत. इथे ताज समूहाच्या पंचतारांकित हॉटेलासाठी पर्यटन महामंडळामार्फत जमीन संपादित झाली त्याला आता तीन दशके होत आली. २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यास मंजुरी दिली. वस्ती आणि बागायतीचे क्षेत्र वगळा, ही स्थानिकांची मागणी या सगळ्या काळात कायम राहिली. बाहेर बातमी जाते ती ‘ताजला विरोध’ अशी.

या व्यवहाराची रचना नीट पाहावी. शेतकऱ्याकडून जमीन घेतली जाते ती कायमची. त्याला एकदाच मोबदला मिळतो, तोही त्या वर्षीच्या दराने. तीच जमीन पुढे कंपनीला दिली जाते ती भाड्याने, कारण सरकार आपली मालकी सोडत नाही. म्हणजे जमिनीची मालकी हातात ठेवावी आणि वापर भाड्याने द्यावा, हे शहाणपण सरकारकडे आहे. ते फक्त मूळ धारकाला वापरू दिले जात नाही. वेळागरचा बागायतदार सरकारच्या जागी भाडेकरार करणारा पक्ष का होऊ शकत नाही, याचे उत्तर त्याला आजवर कोणी दिलेले नाही. तीन दशकांत किनाऱ्याच्या जमिनीचे दर कुठल्या कुठे गेले आणि वाढलेल्या मूल्यातला वाटा त्याच्या वाट्याला येण्याची सोयच नाही. हे गणित त्याला कळते. त्याला भावनाप्रधान म्हणणे हा त्याच्या हिशेबीपणाचा अपमान आहे.

३. त्या एका कागदावर काय काय असते

सातबारा हा महसुली उतारा असला तरी कोकणात त्याचे वजन वेगळे आहे, आणि त्यामागे इतिहास आहे. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याच्या डोक्यावर खोत होता. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ चा. कुळकायदा १९४८ चा, आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कसणाऱ्याला मालक मानले. नाव लागण्यासाठी पुढेही वर्षानुवर्षे तहसीलचे उंबरे झिजवावे लागले. आज साठी-सत्तरीत असलेल्या अनेकांच्या घरी जमीन ‘आपली’ झाल्याला एकच पिढी लोटली आहे. आंबोली, चौकुळ आणि गेळे या गावांत तर कबुलायतदार गावकर पद्धतीच्या जमिनींचा प्रश्न आत्ताआत्तापर्यंत लोंबकळत राहिला. अशा माणसाला ‘जमीन द्या, नुकसान भरपाई घ्या’ असे सांगताना आपण त्याच्याकडून काय मागतो, याचे भान सांगणाऱ्याला असायला हवे.

दुसरी गोष्ट उताऱ्यावरच्या नावांची. आजोबांच्या नावाची जमीन, वाटप कधी झालेले नाही, चुलते-पुतण्यांची नावे सामाईक लागलेली, त्यात २००५ च्या वारसा कायद्यातील दुरुस्तीनंतर मुलींचे हक्कही अधिक स्पष्ट झालेले. वीस-तीस गुंठ्यांच्या तुकड्याला पंधरा-वीस हिस्सेदार ही इथे नवलाची गोष्ट नाही. त्यांतले निम्मे परळ-लालबाग सोडून आता विरार-डोंबिवलीला गेलेले. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,४९,६५१ भरली. दहा वर्षांपूर्वीपेक्षा ती कमी होती. दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या. म्हणजे जमीन राखते, कलमांना पाणी घालते, ग्रामसभेला बसते ती बहुधा बाई किंवा म्हातारा. संमतीपत्रावर सही लागते चाकरमान्याची, आणि तो येतो गणपतीला नाहीतर शिमग्याला. प्रकल्पाचा अधिकारी आठवड्याभरात ‘गावाचे मत’ मागतो, तेव्हा ज्याला तो गाव समजतो त्याचा अर्धा भाग तिथे हजरच नसतो.

उशीर होतो तो इथे. बाहेरून त्याला आडमुठेपणा म्हणतात.

गावाच्या निर्णयाचीही इथे स्वतःची रीत आहे. देवस्थानाभोवतीची गावऱ्हाटी, मानकरी, बारा-पाचांची बैठक, देवाला घातलेले गाऱ्हाणे आणि घेतलेला कौल. आरवलीच्या वेतोबापासून आचऱ्याच्या गावपळणीपर्यंत, सगळे गाव एका निर्णयाने हलते हे इथल्या लोकांनी पाहिलेले आहे. या रीतीचे गोडवे गाऊन भागणार नाही. तिच्यात मान ठरावीक कुळांचा, दलितांना आणि स्त्रियांना शब्द नाही, ही तिची मोठी उणीव आहे आणि ग्रामसभेने ती भरून काढायलाच हवी. मात्र एक सवय तिने लावली आहे : सर्वांवर परिणाम करणारी गोष्ट सर्वांसमक्ष ठरते. वर्तमानपत्रातल्या अधिसूचनेतून आपल्या गावाचे भविष्य कळावे, हे या सवयीला सहन होत नाही.

४. शब्दांचा हिशेब

विरोधाचे आणखी एक कारण राजकारणाने पुरवले आहे. दाभोळचा एन्रॉन प्रकल्प आठवावा. १९९५ मध्ये युतीने त्याविरुद्ध प्रचार करून सत्ता मिळवली, ऑगस्टमध्ये तो रद्द केला आणि काही महिन्यांतच फेरवाटाघाटी करून त्याला पुन्हा मान्यता दिली. २००१ मध्ये वीजनिर्मिती थांबली. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाची अधिसूचना २०१७ मध्ये निघाली आणि लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, मार्च २०१९ मध्ये रद्द झाली. त्याला विरोध करणाऱ्या पक्षाचेच मुख्यमंत्री पुढे आले आणि जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी त्याच प्रकल्पासाठी बारसूची जागा पंतप्रधानांना पत्राने सुचवली. सत्ता गेल्यावर तोच पक्ष बारसूच्या आंदोलकांबरोबर उभा राहिला. दुसऱ्या बाजूच्या पक्षांचीही वाटचाल याहून सरळ नाही. सिंधुदुर्गातले नेते गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तीन-तीन झेंड्यांखाली निवडणुका लढले. झेंड्याबरोबर प्रकल्पाविषयीचे मत बदलले.

१९९७ मध्ये सिंधुदुर्ग राज्यातला पहिला पर्यटन जिल्हा घोषित झाला. चिपीच्या विमानतळासाठी जमिनी गेल्या, ऑक्टोबर २०२१ मध्ये तो सुरू झाला, आणि तीन वर्षांतच मुंबईच्या नियमित विमानसेवेत खंड पडला. दरम्यान गोव्याचे मोपा विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू झाले आणि शिरोड्याकडे येणारा विमानप्रवासी तिथेच उतरू लागला. मालवणच्या राजकोटावर ४ डिसेंबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. हे दुःख प्रत्येक मराठी मनाचे आहे. पण ज्या जिल्ह्यात महाराजांच्या पुतळ्याच्या कामातही निष्काळजीपणा होऊ शकतो, तिथल्या माणसाने ‘पर्यावरणाची पूर्ण काळजी घेऊ’ या शब्दावर कशाच्या भरवशावर विसंबायचे?

५. समुद्राला सातबारा नाही

मालकीची कसोटी समुद्रावर लावता येत नाही, असा आक्षेप कोणी घेईल. तो योग्य आहे, आणि म्हणूनच मच्छीमारांचे उदाहरण महत्त्वाचे. वेंगुर्ले-मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्यांची वहिवाट आहे; कोणी कुठे, कोणत्या पाळीने जाळे टाकायचे हे ठरलेले असते. कागद नसला तरी हक्क आहे. पर्ससीन जाळ्यांच्या मोठ्या नौका आणि प्रखर एलईडी दिव्यांची मासेमारी आली तेव्हा संघर्ष पेटला तो या हक्कावरून. गंमत म्हणून नव्हे, पोटासाठी माणसे समुद्रात एकमेकांसमोर आली. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याने पर्ससीनवर हंगामाचे आणि क्षेत्राचे निर्बंध घातले, केंद्राने २०१७ मध्ये दिव्यांच्या मासेमारीला बंदी केली. पारंपरिक मच्छीमारांची तेव्हापासूनची तक्रार एकच आहे : कायदा राबवा, गस्ती नौका पाठवा. सरकार नको म्हणणाऱ्या माणसाची ही मागणी नाही. सरकारने आपले काम करावे, अशी ती मागणी आहे.

याच मालवण-तारकर्लीत स्नॉर्कलिंग आणि स्कूबा डायव्हिंगचा व्यवसाय उभा राहिला, घराघरांत निवास-न्याहारी सुरू झाली. होड्या त्यांच्या, खोल्या त्यांच्या, माशाचे कालवण त्यांच्या चुलीवरचे. या ‘प्रकल्पाला’ विरोध करणारी समिती कोणी स्थापन केली नाही.

६. आक्षेप

पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप रोजगाराचा. वेंगुर्ले, सावंतवाडी आणि दोडामार्गातली तरुण मुले रोज मोटारसायकलीवर गोव्यात कामाला जातात. कारखाने, हॉटेले, औषधांच्या कंपन्या. इथे काम नाही, मग विरोधाची चैन परवडते कोणाला? पण हा युक्तिवाद पुढे करणाऱ्यांनी रेडीचा कारखाना किती वर्षे चालला आणि नोकऱ्या कोणाला, कोणत्या पदांवर, किती काळ मिळाल्या, याचा गाववार हिशेब मांडावा. नोकरीचे आश्वासन करारात लिहिलेले नसेल तर ते मोबदल्यात धरता येत नाही. तिलारी धरणासाठी गाव सोडलेल्यांच्या वारसांना नोकरीच्या शब्दासाठी वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा : हेच लोक परप्रांतीयांना एकरांनी जमिनी विकतात, चिऱ्यांच्या खाणींना जागा देतात, मग प्रकल्पाच्या वेळीच जमीन आई कशी होते? हे घडते, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. दलालांच्या साखळीने किनाऱ्यामागच्या जमिनी कवडीमोलाने गेल्या, आणि त्यात गावातलेच हात होते. पण यावरून काही सिद्ध होत असेल तर ते हेच की जमीन इथे व्यवहाराबाहेरची पवित्र वस्तू नाही. विकणारा स्वतःच्या गरजेने, स्वतः ठरवलेल्या भावाने विकतो; संपादनात या दोन्ही गोष्टी दुसऱ्याच्या हाती असतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने खासगी प्रकल्पांसाठी ८० टक्के बाधितांची संमती मागितली खरी, पण एमआयडीसीच्या १९६१ च्या कायद्याने संपादन केले की ती अट आडवी येत नाही. निसर्गप्रेमाची भाषा करणाऱ्या समित्यांनीही या विक्रीविषयी तितक्याच मोठ्याने बोलायला हवे होते. त्या गप्प राहिल्या, आणि त्यांच्या शब्दाचे वजन त्यामुळे घटले.

बाहेरचे लोक चिथावतात, हा तिसरा आक्षेप. बाहेरचे येतात. १९३० साली शिरोड्यातही आले होते.

७. भाडेकराराची वाट

सरकारला दुसरा मार्ग ठाऊक नाही असे नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ मधील दुसऱ्या टप्प्यात जमीन भाड्याने घेतली जाते. हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ, मालकी शेतकऱ्याकडेच. पुण्याच्या हडपसरला मगरपट्ट्यातल्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपल्या सुमारे ४०० एकर जमिनीची कंपनी काढून नगर वसवले आणि भागधारक म्हणून त्यात राहिले. मगरपट्टा पुण्याला लागून होता, जमीनधारक एका समाजाचे आणि नात्याचे होते, ही सवलत शिरोड्याला नाही. तरी भाडे, भागभांडवल आणि मुदत संपल्यावर जमीन परत, या तीन अटी वेळागरसारख्या ठिकाणी चर्चेलाच न येण्याचे कारण भूगोलात सापडत नाही.

अडचण खरी आहे ती सह्यांची. सामाईक उताऱ्यावर भाडेकरार करायचा तर भाडे कोणाच्या खात्यात जायचे? जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडून सहधारकांत वाटप करून घेता येते, पण एक हिस्सेदार विरारला, दुसरा वारलेला, तिसऱ्याच्या मुलींची नावे चढलेली नाहीत, अशा स्थितीत अर्ज पडून राहतात आणि मोजणीची तारीख लागत नाही. वारसनोंदी पूर्ण करण्याची मोहीम गणपतीच्या सुट्टीत, चाकरमानी घरी असताना, गावातच राबवली तर यातले बरेच सुटेल. त्यात आई, बहीण आणि सून यांची नावे आधी चढतील असे पाहावे लागेल, कारण जमीन सांभाळणारी ती असते. या कामाला भूमिपूजनासारखा मांडव लागत नाही. मोजणीदार, मंडल अधिकारी आणि आठ-दहा दिवसांची सवड लागते. वेळागरला तीन दशके मिळाली होती.